कुकरमधली बाग

खिळ्यावर हातोडीचा घाव बसला आणि कुकरच्या बुडाला पाणी निथळण्यापुरतं भोक पडलं. गेल्या रविवारी दिगंबरनं हाच कुकर कुमुदच्या डोक्यावर फेकला होता. नेम चुकला, पण भिंतीवर आपटून कुकर असा चेपला की झाकणच बसेना. मग तिनं त्यात खडी घातली, वाळूमिश्रित माती घातली, कडेला कोरफडीचं पिल्लू लावलं आणि मधोमध माहेरच्या बांधावरून आणलेली शेराची फांदी खोचली.

"घरात रानातला कचरा भरतेस?" दिगंबर मागून गरजला आणि त्यानं फांदीला हात घातला.

"अहो, हात लावू नका, त्याचा चीक..."

उलट्या हाताची चपराक तिच्या तोंडावर बसली. "तोंड बंद!"

तिनं तोंड बंद केलं. त्यानं फांदी उपटली, मोडली, पिरगाळली, कुकर लाथेनं उडवला. बोटांवरून पांढरा चीक ओघळत होता. त्याच हातांनी त्यानं घामेजलेला चेहरा पुसला.

पुढच्या क्षणी तो किंचाळत गुडघ्यांवर कोसळला. "डोळे! आग होतेय! पाणी दे, कुमुद!"

भरलेला तांब्या तिच्या हाताशीच होता. तिनं आधी आपला फुटलेला ओठ सावकाश धुतला. चूळ भरली, रक्त थुंकलं. मग उरलेलं पाणी त्याच्या चाचपडणाऱ्या हातात दिलं.

"शेराचा चीक आहे, अहो. डोळे जातात त्यानं," ती म्हणाली. "मघाशी तेच सांगत होते."