उकिरड्यावरची नावं

"हीच ती! पोरं खाणारी!" तामिस्थानं बोट रोखलं, आणि मगरदेवाच्या देवळापुढची सगळी रांग मागं वळली.

थर्मूथी म्हातारी रांगेत नव्हतीच. रिकामी टोपली काखेत मारून ती कडेकडेनं कालव्याकडं निघाली होती. शिपायानं तिला दंडाला धरून वेदीपुढं आणलं.

बादशहाचा हुकूम साधा होता. प्रत्येकानं देवापुढं चिमूटभर धूप टाकायचा, बळीचं मांस चाखायचं आणि दाखला घेऊन घरी जायचं. तामिस्थाचा दाखला केव्हाच तिच्या कमरेला खोचलेला होता. आज ती सगळ्यांच्या आधी येऊन उभी राहिली होती, ती याच क्षणासाठी.

"टाक गं बाई धूप," अधिकारी कंटाळून म्हणाला. "तुझ्या मनात काय आहे ते कोण बघायला बसलंय?"

"ज्यानं बघायचं तो बघतोय, मालक. मला नाही जमायचं."

मागून कोणीतरी हसलं. "मांस चालत नाही होय तिला? कोवळं लागत असेल!"

तामिस्था मात्र हसली नाही. चार दिवसांपूर्वी ती बाळंत झाली होती. नवऱ्याचा अलेक्झांड्रियाहून निरोप आधीच आलेला: मुलगा झाला तर ठेव, मुलगी झाली तर टाक. सासू दारात उभी होती. गावाबाहेरच्या उकिरड्यावर पोर टाकणं काही नवं नव्हतं. कोणी ना कोणी उचलायचं, वाढवायचं, राबवायचं. अशा पोरीला सगळे 'उकिरडी' म्हणत. गावात तीन उकिरड्या होत्या, दोन उकिरडे होते आणि त्याचं कोणाला काही वाटत नसे. तामिस्थानं लेकीच्या मनगटाला निळा मणी बांधला, पुढंमागं ओळख पटावी म्हणून. मग तिला एका फुटक्या रांजणात ठेवून ती मागं न बघता घरी आली.

उजाडताच ती पळत गेली, तर रांजण रिकामा. शेजारीण म्हणाली, "थर्मूथीनं नेलं टोपलीतून. ख्रिस्ती ती. त्यांच्या पंगतीत काय असतं, ठाऊक आहे ना?"

तेव्हापासून तामिस्थाला एकच ध्यास होता: त्या म्हातारीला सगळ्यांसमोर धरायचं. घट्ट पट्टा बांधूनही दूध आटत नव्हतं.

"माझी निळ्या मण्याची पोर कुठाय?" ती म्हातारीच्या अंगावर धावली. "बोल, काय केलंस तिचं?"

म्हातारीनं तिच्याकडं पाहिलं. मग तिच्या ओल्या झालेल्या पदराकडं.

"मी पोचले तेव्हा ती गार पडली होती, लेकी. त्या रात्री थंडी फार होती."

रांगेतल्या नजरा तामिस्थाकडं वळल्या. थंडीत कोणी ठेवलं होतं, ते सगळ्यांना ठाऊक होतं.

"माझ्या घरामागच्या अंगणात अंजिराखाली निजवलीय तिला," म्हातारी म्हणाली. "काय नाव ठेवणार होतीस तिचं? मला ठाऊक नव्हतं."

"खोटारडी!" तामिस्था किंचाळली. "खाल्लीस तू तिला!"

शिपाई म्हातारीला ओढू लागले. ती जाता जाता वळून म्हणाली, "घरात उचलून आणलेली तीन तान्ही पोरं सकाळपासून उपाशी आहेत गं. तुला दूध आहे."

तामिस्था धावत सुटली ती तिचं खोटं उघडं पाडायला. अंजिराखाली ताज्या मातीवर तिनं दोन्ही हातांनी उकरायला सुरुवात केली. नखं तुटली. खाली काही नसणार, हाडं असणार, काहीही असो, फक्त ती म्हातारी खोटी ठरू दे.

हाताला पांढरं, धुतलेलं कापड लागलं. तिनं ते उलगडलं. बोटं, कान, ओठ, सगळं जिथल्या तिथं होतं. अंगावर ओरखडा नव्हता. मनगटावर निळा मणी होता.

तिनं लेकीला मांडीवर घेतलं. ख्रिस्त्यांची एकही प्रार्थना तिला येत नव्हती. त्यांच्या देवाचं नाव तिनं शिवीसारखंच ऐकलेलं. "बघत होतास ना तू?" ती मातीशी पुटपुटली. "मी तिला तिथं ठेवताना बघितलंस. मग आता मी काय करू, तेही सांग."

आतून एक पोर रडलं. मग दुसरं. तामिस्थाचा पट्टा भिजून गेला.

तिनं लेकीला पुन्हा गुंडाळलं, माती सारखी केली आणि हात धुऊन ती आत गेली.

दुसऱ्या दिवशी सासू दारात येऊन उभी राहिली. "घरी चल. लोक तोंडात शेण घालतायत. दाखला आहे ना तुझ्याजवळ? मग कशाला मरायला बसलीस इथं?"

तामिस्थाला दूध पुरत नव्हतं. शेळीचं दूध कोमट करायचं होतं आणि चूल पेटत नव्हती. तिनं कमरेचा दाखला काढून काटक्यांखाली सरकवला आणि फुंकर मारली. सासू कपाळावर हात मारत निघून गेली.

तिसऱ्या दिवशी म्हातारीला शिक्षा म्हणून खाणींत राबायला नेलं.

चौथ्या दिवशी फटफटताना तामिस्था टोपली घेऊन उकिरड्यावर गेली. एक पोरगी नुकतंच गाठोडं खाली ठेवून उठत होती. पंधरा-सोळा वर्षांची असेल. तामिस्थाला पाहून ती थिजली.

"तू... तू त्यांच्यातली? पोरं खाणारी?"

पन्नास पावलांवर वेशीपाशी शिपाई शेकत बसले होते. पोरीनं ओरडायला तोंड उघडलं होतं, बोट अर्धं वर आलं होतं. ते बोट तामिस्थाच्या ओळखीचं होतं.

"हो, त्यांच्यातली," ती म्हणाली. तिनं गाठोडं उचलून छातीशी धरलं. अजून ऊब होती.

"काय नाव ठेवणार होतीस हिचं?"