पाठीवर

जिन्यातच सुमतीला हसणं ऐकू आलं. दवाखान्यातून आणलेला कापूस आणि मलमाची डबी सावरत ती थबकली. ती गेली तेव्हा तिचा नवरा प्रभाकर उशीत तोंड खुपसून पालथा पडला होता. गेला महिनाभर तो तिच्याशी हूं-हांपलीकडे बोलला नव्हता.

तिने दार ढकललं. नवरा उताणा होता. शेजारी ट्रंकेवर त्याचा कोर्टातला जुना सोबती मधू बसला होता, आणि प्रभाकर पत्ते तोंडासमोर उंच धरून हसत होता.

"या वहिनी," मधू उठला. "नाशकाहून बदली झाली ती थेट कल्याणलाच. म्हटलं आधी याला गाठावं. बघतो तर हा चादर पांघरून पालथा. म्हणाला, मला उताणं कर, डॉक्टरांनी आजपासून परवानगी दिलीय."

गेल्या वैशाखात कौलं शाकारताना प्रभाकर छपरावरून पडला आणि कमरेखालचं सगळं गेलं. मुंबईच्या इस्पितळातून सोडताना सर्जनने बजावलं होतं, दर दोन तासांनी कूस बदला, रात्रीसुद्धा. ती बदलत होती. पण भेटायला माणसं यायची, तास तास बसायची. चारचौघांत नवऱ्याला कसं वळवायचं, म्हणून ती थांबायची. त्यालाही तेच हवं असायचं. भिंतीकडे तोंड करून माणसांशी काय बोलणार? माकडहाडावर आधी लाल डाग आला, मग तो काळा पडला, मग तिथे वाटी बसेल एवढा खळगा झाला. त्याला काहीच कळलं नाही. पहिल्यांदा वास आला तो तिला.

डॉक्टरांनी मेलेलं मांस कापून काढलं. म्हणाले, "आता पालथंच ठेवायचं. पुन्हा पाठीवर आले, तर माझ्या हातात काही राहणार नाही."

तेव्हापासून सुमती येणाऱ्यांना दारातूनच परत पाठवी. आळीतल्या बायका तिला काय म्हणतात ते तिला ठाऊक होतं. पण खळग्याच्या कडेने गुलाबी कातडी धरू लागली होती. काल तिने त्याला तसं सांगितलं, तेव्हा त्याने डोळे मिटून घेतले होते.

आत्ता तो तिच्याकडे बघत होता. त्या नजरेत विनवणी नव्हती. ती काय म्हणते, एवढीच वाट तो पाहत होता.

"हो," सुमती म्हणाली. "दिलीय. बसा भावोजी, चहा टाकते."

स्वयंपाकघरात तिने स्टोव्हला पिन लावली. मग स्टोव्ह तसाच बाजूला सारला आणि शेगडीत कोळसे घातले; शेगडीवर चहाला वेळ लागतो. बाहेर मधू नव्या साहेबाची नक्कल करत होता. प्रभाकर त्याला चिडवत होता, हुकूम दडवलास म्हणून भांडत होता, आणि पुन्हा हसत होता. ती हळूहळू वारा घालत राहिली. दोनदा ती उंबऱ्यापर्यंत आली. भावोजी, आता उठा, एवढंच म्हणायचं होतं. दोन्ही वेळा ती परत शेगडीशी जाऊन बसली.

मधू निघाला तेव्हा आळीत दिवे लागले होते. चपला घालताना तो हलक्या आवाजात म्हणाला, "वहिनी, मी फार वाईट ऐकून आलो होतो. पण तब्येत चांगली सुधारलीय हो."

दार लावून ती आत आली. एक हात खांद्याखाली आणि एक कमरेखाली घालून तिने प्रभाकरला वळवलं. चादर त्याच्या अंगाबरोबरच उचलली गेली. कोमट पाणी लावून लावून तिने ती सोडवली. गुलाबी कड चादरीलाच राहिली. मधलं कोवळं मांस काळंनिळं पडलं होतं. कंदील आणखी जवळ धरायची तिची छाती झाली नाही.

"गेली ना कातडी?" उशीतून प्रभाकरने विचारलं.

"हो."

ती कापसाचे बोळे करत होती.

"मधू उद्याही येतो म्हणालाय."

सुमतीने एक बोळा पाण्यात बुडवला, पिळला, आणि जखमेच्या कडेने अलगद फिरवू लागली.

"येऊ देत," ती म्हणाली.