लांब दांड्याचा चिमटा

“त्याला वाकायची सवय नाही गं, तूच वाकत जा,” लग्नानंतरच्या पहिल्याच सकाळी सासूबाई लाडानं म्हणाल्या होत्या. तेव्हापासून वाऱ्यासमोर वेल वाकावी तशी ती वाकत आली. पलंगाखालचा ओला टॉवेल, बाथरूमच्या दाराशी टाकलेला बनियन, खाकरून, त्यातच थुंकून बोळा केलेला रुमाल. उचलताना तिचं तोंड वाकडं झालं की नवरा विचारायचा, “कंबर का गं?” आणि ती म्हणायची, “हो, कंबर.”

आता खुब्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी वाकायला साफ बंदी केली. ती घरी आली त्याच संध्याकाळी नवरा लांब दांड्याचा चिमटा घेऊन आला. मूठ दाबली की टोकाचा जबडा मिटायचा. “घ्या राणीसरकार, आता उभ्या उभ्या उचला!” असं म्हणत त्यानं पायातले मोजे काढले आणि तिच्या वॉकरपाशीच टाकले. तिनं ते उचलले. मग पलंगावर ऐसपैस बसून त्यानं खाली पडलेल्या रुमालाकडे बोट दाखवलं. तिनं तोही धरला. हिरवट, चिकट, चिमट्याच्या टोकाला लोंबणारा.

“अगं, आता तर वाकावंही लागत नाही,” तो हसत म्हणाला, “मग तोंड कशाला वाकडं?”

तिनं चिमटा सावकाश त्याच्या मांडीवर नेला आणि मूठ सोडली.

“कंबर कधी दुखलीच नव्हती हो,” ती म्हणाली. “किळस यायची.”