वाकडी करंगळी

दार ढकललं आणि ती हातांच्या गर्दीत शिरली. भिंतभर हातच हात टांगलेले. काही जलरंगातले, काही कोळशाने काढलेले. कुणाचा ग्लासाभोवती, कुणाचा पावाचा तुकडा मोडणारा, कुणाचा नुसताच टेबलावर पडलेला. चेहरा एकही नाही. दुपारचं ऊन रंगीत बाटल्यांतून आत येत होतं, आणि जमिनीवर हिरवं, तांबूस पाणी साचल्यासारखं वाटत होतं. ती उगीचच पाय जपून टाकत चालली.

हॉस्पिटलात ती एक्स-रे काढायची. मागच्या आठवड्यात वॉर्डातल्या एका नर्सने फोनवर या बारचा फोटो दाखवला होता, "अय्या, बघा ना मॅडम, नुसते हात!" म्हणून. फोटोच्या कोपऱ्यातल्या एका हाताची करंगळी आतल्या बाजूला वाकलेली होती. तशी करंगळी तिच्या ओळखीची होती. लहानपणी तिनेच ती दारात चेंगरली होती. धाकट्या भावाची. आईच्या आजारपणात कोण किती राबलं यावरून दोघांत शब्दाला शब्द वाढला, आणि मग भावाने घर, नंबर, सगळंच बदललं. त्या भांडणाला नऊ वर्षं झाली होती.

काउंटरमागे मालकीण पाठमोरी उभी होती. पिकलेले केस, कोपरापर्यंत रंगाचे डाग. समोरच्या लांबलचक आरशात बघूनच ती बोलली, "या. मेनूकार्ड नाही आमच्याकडे. भिंतीवरचा एखादा हात निवडा. तो माणूस जे घेतो, ते तुम्हाला मिळेल."

"तो. खिडकीजवळचा."

"घड्याळजींचा? मग बसा त्याच्याखालीच."

घड्याळं दुरुस्त करणारा. भाऊही तेच करायचा. ती जवळजवळ धावतच खिडकीपाशी गेली, चित्राला नाक लावून उभी राहिली, आणि तशीच मागे सरली.

"हा उजवा हात आहे," ती म्हणाली.

"मग?"

"माझ्या भावाची डावी करंगळी वाकडी आहे."

"अहो, डावं-उजवं माझ्या कुठलं लक्षात राहायला!"

"माझ्या राहतं. बावीस वर्षांत एका फिल्मवर मी डावं-उजवं चुकलेली नाही."

दोन बस बदलून आपण कुठल्या परक्या माणसाचं बोट बघायला आलो, असं वाटून तिला स्वतःचा राग आला, आणि रागापाठोपाठ रडू. तिने पर्स खांद्याला लावली.

"घोटभर तरी घेऊन जा," मालकीण पाठमोरीच म्हणाली. "तयार झालंय."

शेकरमधून संत्र्याच्या रंगाचं काहीतरी ग्लासात उतरलं. मालकिणीने वर चिमूटभर मीठ सोडलं. ग्लास घ्यायला ती काउंटरपाशी गेली, तशी आरशातली बाईही समोरून आली. डोळे सुजलेली, दमलेली. त्या बाईने घड्याळ उजव्या हातात बांधलं होतं.

ती थबकली. तिने आपल्या डाव्या मनगटाकडे पाहिलं. मग भिंतीकडे. ज्या ज्या हातावर घड्याळ होतं, तो हात उजवा होता. एवढी सगळी उलटी माणसं एका बारमध्ये कुठून गोळा होतील?

"हे सगळे हात तुम्ही आरशात बघून काढलेत?"

"मग काय! समोर वही घेऊन बसलं की माणसं हात मांडीखाली घालतात. पाठ फिरवली की बिनधास्त असतात."

तिला हसू फुटलं. डावं-उजवं कधी न चुकणारी बाई डाव्या-उजव्यापायीच परत निघाली होती.

"येतो का तो इथे?"

"दर गुरुवारी. दुकान बंद असतं ना त्यांचं. येतीलच आता."

नऊ वर्षं ज्याला शोधलं तो आता येणार म्हटल्यावर तिला पळून जावंसं वाटलं. पण पाय वळले खिडकीकडे. ती टेबलाशी बसली. पहिला घोट आंबट लागला, दुसरा खारट, तिसऱ्यात कुठूनसा मध आला. जमिनीवरचं हिरवं पाणी सरकत सरकत तिच्या चपलांपर्यंत पोचलं. किती वेळ गेला, की गेलाच नाही, तिला कळेना. दारातूनच तो मागे फिरला तर? एवढं एकच डोक्यात घोळत होतं.

दार उघडलं. केस विरळ झाले होते, चष्मा जाड झाला होता. त्याने तिला पाहिलं आणि तो तिथेच थांबला, दाराची मूठ हातात धरून. मालकिणीचा शेकर हलायचा थांबला.

मग तो चालत आला आणि टेबलाशी उभा राहिला.

"ही माझी जागा आहे."

तिने बसमध्ये पाठ केलेलं सगळं, चुकलं रे माझं, कसा आहेस, घरी चल, तसंच राहून गेलं. बाहेर आलं ते भलतंच.

"नाव लिहिलंय का तुझं?"

त्याने शेजारची खुर्ची ओढली, बसला, आणि काउंटरकडे मान वळवून हाक मारली.

"बाई, हिला आधी काहीतरी खायला द्या. उपाशी असली की भांडते ही."