खिडकीची जागा

काळ्या पडद्यावर एक पांढरी रेघ लुकलुकत होती. दुपारी वीज जाऊन आली तेव्हापासून दादा तिच्याकडे बघत होता. रेघ उमटायची, विझायची, पुन्हा उमटायची, झोपलेल्या माणसाच्या श्वासासारखी. खिडकीतलं ऊन भिंतीवरून सरकत कपाटापर्यंत गेलं, तरी त्याची नजर हलली नाही.

आईनं संगणकाचं बटण किती वेळा दाबलं ते तिलाच ठाऊक. दादाचं अंग आता हलत नव्हतं, डोळे तेवढे हलत. डोळ्यांनी तो पडद्यावरची अक्षरं निवडायचा आणि संगणक ती बोलून दाखवायचा, दादाच्याच आवाजात. बोलता येत होतं तेव्हा त्यानं तो आवाज रोज थोडा थोडा भरून ठेवला होता. आज संगणक उठत नव्हता, म्हणजे दादाला वाचा नव्हती.

मग आईनं दोघांच्या वाटचं बोलायला घेतलं. तहान लागली का, असं तिनंच विचारलं आणि नाही, आत्ताच तर प्यायलो, असं तिनंच सांगितलं. शेजारीण डोकावून गेली, तिला दादा मजेत असल्याचंही तिनंच कळवलं. शेवटी तीही दमली. खोलीत पंख्याची घरघर तेवढी राहिली.

संध्याकाळी धाकटी कामावरून आली. तिनं चपला काढायच्या आत आईनं सुनावलं, "चांगलं चाललं होतं त्याचं. तुला कुणी सांगितले होते नसते उद्योग?"

धाकटीनं पर्स खुर्चीवर ठेवली. चांगलं चाललं नव्हतं. संगणक इतका सुस्तावला होता की दादानं टोमणा मारावा आणि ज्याला मारला तो घरी पोचल्यावर ऐकू यावा. म्हणून तिनं काल त्यात लिनक्स नावाची हलकी प्रणाली टाकली होती. ती चष्म्याच्या दुकानात कामाला होती, तिथल्या सोबत्याचा पेनड्राइव्ह आणून. काल सगळं झकास चाललं. सकाळी संगणक चालू असतानाच तिनं पेनड्राइव्ह काढला आणि परत द्यायचा म्हणून पर्समध्ये टाकला. सोबती नेमका रजेवर होता. पेनड्राइव्ह दिवसभर कंगव्याशेजारी पडून राहिला.

तिनं सोबत्याला फोन लावला. त्यानं ऐकून घेतलं आणि पेनड्राइव्ह पुन्हा लावून बघायला सांगितलं. लावला, तर संगणक मुकाट्यानं उठला. बंद करून, काढून पुन्हा बटण दाबलं, तर तीच पांढरी रेघ.

"मग बरोबर आहे," सोबती म्हणाला. "संगणकाला जागं करणारा एक बूटलोडर असतो. बाकीचं सगळं कुठं निजलंय ते त्याला माहीत. तो आतल्या डिस्कवर बसायला हवा होता, तुझा पेनड्राइव्हवर जाऊन बसला. कुठं बसवू म्हणून विचारलं असणार त्यानं. तू न वाचता हो म्हणून मोकळी झालीस."

"म्हणजे उठवणारा माझ्या पर्समध्ये होता?"

"दिवसभर."

दादाची नजर पडद्यावरून निघाली आणि खुर्चीवरच्या पर्सवर जाऊन थांबली.

बूटलोडर आता डिस्कवर बसवायचा होता. पेनड्राइव्ह जुना आहे, मध्येच मान टाकतो, तेव्हा आत्ताच कर, असं सोबत्यानं बजावलं. पुन्हा चुकलं तर डिस्क पुसून सगळं पहिल्यापासून टाकावं लागलं असतं. दादाचा आवाज त्या डिस्कवर होता. त्याची दुसरी प्रत करायची राहून गेली होती, घरातली कामं राहतात तशी.

"आधी त्याला दोन शब्द बोलू दे गं," आई म्हणाली.

धाकटीनं दादाकडे बघितलं. हे होऊ दे, मग बोलतोस ना, असं विचारलं. त्यानं डोळे मिटून उघडले. हो.

पेनड्राइव्ह लावून तिनं संगणक उठवला आणि सोबती सांगेल तसं एकेक अक्षर लिहीत गेली. पडद्यावर दोन डिस्कची नावं आली, एक मोठी आणि एक छोटी. तिनं मोठीवर बोट ठेवलं. फोनवर विचारलं, मग दादालाही विचारलं, "ही?"

त्याचे डोळे पुन्हा मिटले, उघडले. तिनं एंटर दाबलं. काही ओळी वर सरकल्या. चूक काही झाली नाही, असं शेवटी लिहून आलं.

तिनं संगणक बंद केला, पेनड्राइव्ह काढून आईच्या हातात दिला. आईनं तो पाखराचं पिल्लू धरावं तसा मुठीत धरला. धाकटीनं बटण दाबलं.

पडदा काळा झाला, काळाच राहिला. आईची मूठ घट्ट झाली. मग हळूच निळा उजेड पसरला आणि अक्षरं आपापल्या जागी येऊन उभी राहिली.

दादाचे डोळे त्यांच्यावरून सावकाश फिरत होते. आईला वाटलं, भूक लागली म्हणेल. धाकटीला वाटलं, आता बोलणी बसणार. दोघी वाट बघत राहिल्या. मग तो जाडसर, जरा घोगरा आवाज खोलीत आला.

"चिंगे, आज मी तुझ्याबरोबर बसनं गेलो होतो."

धाकटीनं पर्सकडे बघितलं.

"खिडकीची जागा मिळाली होती का?"

जाताना आणि येताना ती दांडीला लोंबकळत उभी होती, कुणाच्या तरी कोपराखाली. बाहेरचं झाडसुद्धा दिसलं नव्हतं.

"मिळाली की," ती म्हणाली.

डोळे पुन्हा अक्षरांवरून फिरले.

"मग सांग."

ती पलंगाच्या कडेला बसली. पर्स मांडीवर घेतली आणि गल्लीच्या तोंडाशी बस वळते तिथून तिनं सुरुवात केली. आईनं उठून पंखा बंद केला.