रस्ते, पूल आणि रेवाची झोप

दार उघडलं तेव्हा रेवा माझ्या खांद्यावर टाहो फोडत होती आणि समोर शेजारचे हॉवर्ड पत्रकं घेऊन उभे होते. ते अमेरिकेतल्या आमच्या राज्याच्या लेफ्टनंट गव्हर्नरपदाची निवडणूक लढवत होते.

"हे कसलं गं पद?" भारतातून आलेल्या सासूबाईंनी विचारलं.

"गव्हर्नर नसले की यांनी कारभार बघायचा."

"म्हणजे बदली कामगार."

हॉवर्डनी उमेदवाराच्या सवयीनं बाळ उचललं आणि रस्त्यांच्या डागडुजीबद्दल संथपणे बोलू लागले. पुलांपर्यंत पोचले तोवर रेवा झोपलेली. संध्याकाळची झोप, जन्मल्यापासून पहिल्यांदा. श्वास चालू आहे ना, म्हणून मी तिच्या नाकाशी बोट धरलं. चालू होता.

"थांबू नका," मी कुजबुजले. "धरणांचं काय करणार?"

मग ते रोज यायला लागले. इतकं मन लावून त्यांचं दुसरं कुणी ऐकतच नसे. मी भाषण रेकॉर्ड करूनही पाहिलं, पण रेवा फसली नाही.

मी मतदानाला निघाले तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "माणूस भला आहे. पण निवडून आला तर राजधानीत राहायला जाईल हो."

मतपत्रिकेवर मी प्रतिस्पर्ध्याच्या नावापुढचं वर्तुळ भरलं.

हॉवर्ड हरले. दुसऱ्या दिवशी पडलेल्या चेहऱ्यानं आले. "तुमचं मत तरी मला होतं," म्हणाले.

मी त्यांच्या नजरेला नजर न देता रेवाला त्यांच्या हातात ठेवलं.

"पुढच्या निवडणुकीत पुलांचं काय करणार, ते जरा सविस्तर सांगा ना."