साचा विकायचा नाही

"साचा विकणार नाही," पळीतलं वितळलेलं शिसं गोळ्यांच्या साच्यात ओतत ऑरिन म्हणाला. "आणि मॉन्टॅना सोडून तुझ्या फ्लॅटमध्येही येणार नाही. झालं?"

त्याची मुलगी मार्लिस शेडच्या दारात उभी होती. "बाबा, बर्फ वितळल्यापासून तुमचा एकही नेम लागलेला नाही. डोळे गेलेत तुमचे."

"डोळ्यांना काय धाड भरलीय! रिव्हॉल्व्हरच्या नळीत शिसं चढत होतं. गोळी नळीपेक्षा केसभर जाड हवी. बारीक पडली की बाजूने जाळ निसटतो आणि नळीला शिसं फासतो. मग नेम काय कपाळ लागणार?"

त्याने साचा उघडला. सपाट तोंडाची गोळी बाहेर पडली. ऑरिनने ती बोटांनी चाचपली. एकोणऐंशी वर्षांचा हा माणूस सगळ्या जगाशी भांडायला तयार असे.

"शनिवारी दहापैकी सहा गोळ्या टार्गेटच्या मधल्या काळ्यात मारा," मार्लिस म्हणाली. "नाही जमलं तर रिव्हॉल्व्हर, साचा, घर, सगळं विकायचं."

"आणि जमलं तर हा विषय पुन्हा काढायचा नाही!"

शनिवारी रेंजवर एकटा डेल्मर होता. चाळीस वर्षांपासूनचा शेजारी आणि तेवढ्याच वर्षांपासूनचा वैरी.

"आलास बिस्किटं कापायला?" डेल्मरने डिवचलं. ऑरिनच्या सपाट गोळ्या टार्गेटच्या कागदात बिस्किटं कापल्यासारखी गोल, स्वच्छ भोकं पाडत.

"तुझ्या टोकदार गोळ्यांनी कागद उंदराने कुरतडल्यासारखा होतो, त्यापेक्षा बरं!"

मार्लिसने डेल्मरला पैज सांगितली. त्याने कानांवर टोपणं चढवली आणि ऑरिनच्या शेजारी उभा राहिला. दोघांनी दहा-दहा बार काढले.

मार्लिस दोघांचे कागद घेऊन आली. तिचा चेहरा उतरला होता. "बाबा, नऊ काळ्यात. एक कोपऱ्यात."

ऑरिनने नळी उजेडाकडे धरली. "बघ, आरसा आहे आरसा! शिशाचा कण नाही. म्हणे डोळे गेले!"

"माझा एकच लागला," डेल्मर पुटपुटला आणि आपला कागद चुरगळून त्याने खिशात कोंबला.

"म्हाताऱ्या, डोळे तपासून घे!" ऑरिन मनापासून हसला. डेल्मर चार शिव्या घालून निघून गेला.

जेवण झाल्यावर मार्लिस मुकाट्याने परतीच्या वाटेला लागली. ऑरिनने टार्गेट शेडमध्ये शेगडीच्या वरच्या खिळ्याला अडकवलं. भोकं त्याला नीट दिसेनात, म्हणून त्याने कौतुकाने एकेकावरून बोट फिरवलं.

काळ्यातल्या नऊही भोकांच्या कडा कुरतडलेल्या होत्या. बिस्किटासारखं कापलेलं एकच होतं, पार कोपऱ्यात.